शिपायाच्या हाती उतारा

कायदा मोडणाऱ्याला पकडावे, एवढीच पोलिसाकडून आपली अपेक्षा असते. परंतु ज्याला पकडावयाचे तोच पायाशी मरणोन्मुख पडला असेल तर? अमेरिकेतील एका शहराने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याची हकीकत श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

अफूशी मनुष्याचा परिचय हजारो वर्षांचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्टुर्नर या जर्मन गृहस्थाने अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉईन हे खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. वेदना शमविणारी ही द्रव्ये प्रमाणाबाहेर गेली, की मेंदूतील श्वासाचे नियंत्रण मंदावते. माणूस झोपल्यासारखा दिसतो, ओठ निळे पडतात आणि श्वास थांबतो. मग हाती उरतात ती थोडी मिनिटे.

यावरील उताऱ्याच्या पेटंटसाठी जॅक फिशमन आणि मोझेस लेवेन्स्टीन यांनी १९६१ मध्ये अर्ज केला. त्याचे नाव नॅलोक्सोन. मेंदूत अफूची द्रव्ये जेथे ठाण मांडतात, तेथून हे त्यांना हुसकावते आणि ती जागा स्वतः अडविते. १९७१ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. पण पुढे कित्येक वर्षे ते मुख्यतः इस्पितळात आणि रुग्णवाहिकेतच राहिले. फिशमन यांचा सावत्र मुलगाच २००३ मध्ये हेरॉईनच्या अतिमात्रेने दगावला. औषध असणे निराळे आणि ते वेळेवर हाताशी असणे निराळे!

बोस्टनच्या दक्षिणेस क्विन्सी नावाचे शहर आहे. ऑक्टोबर २०१० पासून तेथील गस्तीवरच्या प्रत्येक पोलिसाने नाकात फवारावयाचे हे औषध जवळ बाळगावे, असा दंडक झाला. असा दंडक घालणारे अमेरिकेतील पहिले पोलीस खाते म्हणून त्याचा उल्लेख होतो. कारण साधे होते. गस्तीची मोटार रस्त्यावरच असते. पुष्कळदा रुग्णवाहिकेच्या आधी तीच पोहोचते.

आक्षेप निघालेच. अशाने व्यसनाला उत्तेजन मिळेल, असे लोक म्हणत. शिवाय, औषध पोलिसाजवळ असले तरी पोलिसाला बोलावणार कोण? अटकेच्या भयाने सोबती मित्राला तसाच टाकून पळत. म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये कायदा केला : अशा प्रसंगी मदत मागणाऱ्यावर अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा खटला भरावयाचा नाही. औषधाइतकेच हे अभयही आवश्यक होते.

२०१४ च्या प्रारंभापर्यंत क्विन्सीच्या पोलिसांनी दोनशेहून अधिक प्रसंगी प्राण वाचविले. त्याच वर्षी अमेरिकेचे अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी हे औषध जवळ ठेवण्याचा आग्रह पोलीस दलांना केला. २०२३ मध्ये त्याचा एक फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली.

हा उतारा व्यसन घालवीत नाही, हे विसरता कामा नये. त्याचा अंमल तासा-दीड तासात ओसरतो. विष अधिक टिकले तर श्वास पुन्हा मंदावतो, म्हणून रोग्याला इस्पितळात न्यावेच लागते. शुद्धीवर आलेला माणूस कधी आभार मानण्याऐवजी संतापतोही. तरीही शिपायाने गुडघे टेकून त्याच्या नाकात औषध फवारावे, यात कायद्याचा कमीपणा कोठे आहे? सुधारावयाचे असो वा शिक्षा भोगावयाची असो, त्यासाठी माणूस आधी जिवंत राहिला पाहिजे.