टेबल सॉ: वखारीतून घरच्या कार्यशाळेत

टेबल सॉ म्हणजे मधोमध फट असलेले सपाट टेबल, त्या फटीतून वर आलेले गोल पाते आणि पात्याला समांतर लावलेली सरळ पट्टी. पाते जागच्या जागी फिरते आणि लाकूड पुढे सरकते. हातकरवतीत याच्या उलट घडते: लाकूड जखडलेले असते आणि करवत चालते. या अदलाबदलीमुळे काप सरळ येण्याची जबाबदारी सुताराच्या मनगटाकडून यंत्राच्या पट्टीकडे गेली. कापण्याची ताकद गोल पात्याला सुरुवातीच्या पन्नास वर्षांतच मिळाली. पट्टी खरोखर समांतर राहावी आणि कापणाऱ्याची बोटे शाबूत राहावीत, यासाठी मात्र पुढची दीडशे-दोनशे वर्षे लागली. घरच्या कार्यशाळेसाठी यंत्र घेताना आज जे भाग एकेक करून पारखले जातात, त्यांच्या मागे ही लांबलेली धडपड आहे.

यंत्राने लाकूड कापणे गोल पात्याहून जुने आहे. नेदरलंड्समध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन याने 1590 च्या दशकात पवनचक्कीवर चालणारी करवतगिरणी उभारली आणि पुढे झान नदीच्या परिसरात अशा शेकडो गिरण्या झाल्या. त्यांची करवत सरळ असे, चौकटीत ताणलेली आणि वरखाली चालणारी. अशी करवत एकाच दिशेला कापते आणि परतीची फेरी रिकामी जाते. इंग्लंडमध्ये मात्र लाकूडकाप्यांचा या गिरण्यांना कडवा विरोध होता. लंडनजवळ लाइमहाउस येथे चार्ल्स डिंग्ले याची गिरणी मे 1768 मध्ये जमावाने मोडून टाकली. खड्ड्यावर ओंडका ठेवून, एक माणूस वर आणि एक खाली अशा जोडीने फळ्या पाडणाऱ्या या लोकांची भीती निराधार नव्हती, कारण त्यांचा रोजगार नेमका त्याच कामावर होता.

गोल करवतीचा सर्वांत जुना लेखी पुरावा साउदॅम्प्टनचा आहे. तिथल्या सॅम्युएल मिलर याने 1777 मध्ये घेतलेल्या पेटंटात गोल पात्याचा उल्लेख येतो, पण ओझरता. त्यावरून असे पाते त्याआधीही कुणाच्या तरी कामात असावे असे दिसते. साउदॅम्प्टनलाच हे घडण्यामागे आरमार होते. शिडाच्या जहाजावर दोरखंड ओढायला लाकडी कप्प्या लागत, 74 तोफांच्या एका जहाजाला हजाराच्या आसपास. कप्पी एकसारखी नसेल तर दोर अडकतो आणि ऐन लढाईत शीड वळत नाही. वॉल्टर टेलर याने साउदॅम्प्टनजवळच्या कारखान्यात पाण्याच्या जोरावर गोल करवती चालवून आरमाराला कप्प्या पुरवल्या.

करवतीला टेबल मिळाले ते सॅम्युएल बेंथॅम याच्यामुळे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम याचा हा धाकटा भाऊ जहाजबांधणी शिकलेला होता आणि काही वर्षे रशियात काम करून परतला होता. त्याच्या 1793 च्या पेटंटात फट असलेले टेबल, पात्याला समांतर सरकणारी पट्टी आणि तिरक्या कापासाठी मार्गदर्शक या सगळ्याचे वर्णन आहे. आजच्या टेबल सॉचा सांगाडा तो हाच. जेरेमीच्या नियोजित तुरुंगात, सुतारकामाचा गंध नसलेल्या कैद्यांकडून काम करून घेता यावे, हा या यंत्रांमागचा एक हेतू होता. कौशल्य माणसातून काढून यंत्रात घालायचे, हा विचार टेबल सॉच्या घडणीत अगदी सुरुवातीपासून आहे आणि तिचे पुढचे गुणदोष त्यातूनच निघाले आहेत.

तो विचार पूर्णत्वाला गेला पोर्ट्समथच्या गोदीत. मार्क ब्रुनेल याने यंत्रांची आखणी केली, हेन्री मॉडस्ले याने ती धातूत घडवली आणि 1808 पर्यंत तिथे वर्षाला सुमारे 1,30,000 कप्प्या तयार होऊ लागल्या. पूर्वी 110 कारागीर जे काम करत, ते 45 यंत्रांवर 10 माणसे करू लागली. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमाराची सागवानी जहाजे हातकरवत आणि वाकसाने घडत होती: 1810 मध्ये ‘मिंडेन’, 1817 मध्ये ‘ट्रिंकोमाली’. त्यांतले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून पाण्यावर उभे आहे. यंत्र वेग देते, टिकाऊपणा मात्र लाकडातून आणि जोडणीतून येतो, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नसेल.

अमेरिकेत गोल करवतीचे श्रेय मॅसॅच्युसेट्समधल्या शेकर पंथीय टॅबिथा बॅबिट हिला दिले जाते. दोन माणसांच्या करवतीची परतीची फेरी वाया जाताना पाहून तिला 1813 च्या सुमारास ही कल्पना सुचली, अशी पंथातली परंपरा आहे. तिने पेटंट घेतले नाही. ब्रिटनमधली पेटंटे आधीची असल्याने तिला आद्य संशोधक म्हणता येत नाही, पण एकच गोष्ट दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या जंगलांत गोल करवतीने ओंडक्यांच्या राशी फोडल्या. तिची उणीवही तिथेच उघडी पडली. मोठ्या व्यासाचे पाते जाड लागते, आणि जाड पाते प्रत्येक कापाला पाव इंच किंवा त्याहून जास्त लाकडाचा भुसा करते. वेगाने फिरताना पात्याची कड तापून पसरते आणि पाते डुलू लागते. त्यावर उपाय म्हणून पात्याचा मधला भाग हातोडीने ठोकून मुद्दाम किंचित सैल करत, म्हणजे वेगात कड ताणली गेली की सगळे पाते सपाट होई. हे ठोकणे एक स्वतंत्र कसब होते. शतकाच्या अखेरीस पातळ पट्ट्याच्या बँड सॉने मोठ्या गिरण्यांतून गोल पात्याला बरेच मागे सारले. गोल पाते टिकले ते लहान कामात. आधीच पाडलेली फळी नेमक्या रुंदीची करणे, चौकटीचे तुकडे एकाच मापाचे काढणे, खोबण पाडणे ही कामे त्याच्याइतकी सफाईने दुसरे काही करत नाही.

लहान कार्यशाळेत ते आधी पायाच्या जोरावर आले. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डच्या डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स कंपनीने पायाने आणि हाताने चालवायच्या करवती बनवल्या. वाफेचे इंजिन न परवडणाऱ्या गावच्या सुतारांसाठी त्या होत्या. खरा बदल लहान विद्युत मोटरीने घडवला. मिलवॉकी येथे हर्बर्ट टॉट्झ याने 1919 मध्ये डेल्टा कंपनी सुरू केली. घरगुती कारागिरासाठी लहान यंत्रे हा तिचा व्यवसाय, आणि अशा कामाचे आराखडे छापणारे नियतकालिकही ती काढत असे. लाकूडकामाचे यंत्र हौसेसाठी विकत घेणारा ग्राहक या दशकांत तयार झाला.

डेल्टाची ‘युनिसॉ’ 1939 ची. तोवरच्या बहुतेक लहान यंत्रांत तिरका काप घ्यायचा तर टेबलच कलवावे लागे, आणि कललेल्या टेबलावर लांब फळी घसरत जाई. युनिसॉमध्ये टेबल सपाट राहते आणि आतला आस पात्यासकट तिरका होतो. दहा इंचांचे पाते, ओतीव लोखंडाचे जड टेबल आणि बंद पेटीत मोटर हा तिचा आराखडा पुढे अमेरिकी कार्यशाळांचे प्रमाण ठरला. महायुद्धानंतर उपनगरांत घरे उभी राहिली, घरांना गॅरेज आणि तळघरे आली आणि त्यांत टेबल सॉ शिरली. हान्स गोल्डश्मिट याचे 1947 चे ‘शॉपस्मिथ’ तर एकाच मोटरीवर करवत, लेथ आणि ड्रिल चालवत असे. 1970 च्या दशकापासून तैवानमधले कारखाने युनिसॉच्या धर्तीची यंत्रे स्वस्तात पुरवू लागले, आणि जड यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात आले.

इतके होऊनही समांतर पट्टीचे दुखणे कायम होते. जुन्या यंत्रांत पट्टी टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही रुळांना घट्ट करावी लागे. पुढचे टोक आवळताना मागचे किंचित सरकले की पट्टी तिरकी होई. म्हणून चांगला कारागीर प्रत्येक कापाआधी पात्याच्या पुढच्या दात्यापासून आणि मागच्या दात्यापासून पट्टीचे अंतर दोनदा मोजून पाही. ॲरिझोनातल्या बिल बीझमायर याने 1980 च्या सुमारास पट्टी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची केली. तिचा रुंद आडवा भाग फक्त पुढच्या रुळावर आवळायचा, म्हणजे पट्टी आपोआप काटकोनात येते. रुळावरच मोजपट्टी चिकटवलेली असल्याने माप वाचायचे आणि दांडा दाबायचा, इतकेच काम उरते. टेबल सॉच्या सगळ्या इतिहासात इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पाडल्याचे दुसरे उदाहरण नाही. पुढची जवळपास प्रत्येक चांगली पट्टी याच घडणीची आहे.

पात्यातला बदल धातूचा आहे. जर्मनीतल्या क्रुप कंपनीने 1926 च्या सुमारास टंगस्टन कार्बाइड ‘विडिया’ या नावाने बाजारात आणले. त्याचे तुकडे पोलादी पात्याच्या दात्यांवर झाळून बसवलेली पाती दुसऱ्या महायुद्धानंतर पसरली. प्लायवुडमधला गोंद साध्या पोलादाची धार थोड्याच वेळात मारतो, त्यामुळे प्लायवुडचा आणि या पात्यांचा प्रसार बरोबरीने झाला. भारतीय दुकानांत त्यांना टीसीटी ब्लेड म्हणतात. दहा इंची पात्याला 24 दाते असतील तर ते रेशांच्या दिशेने फळी चिरायला, 60 ते 80 असतील तर आडवा काप आणि सनमायका लावलेला प्लाय कापायला. एकाच पात्यावर सगळी कामे उरकली की सनमायकाच्या कडेचे टवके उडतात.

यंत्राची सर्वांत मोठी खोड मागच्या दात्यांत आहे. पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबत खाली जातात, मागचे मात्र टेबलातून वर येतात. कापलेली फट आतल्या ताणामुळे मिटली किंवा पट्टी मागे जरा आत वळली, तर लाकूड त्या वर येणाऱ्या दात्यांवर चढते आणि कापणाऱ्याच्या अंगावर फेकले जाते. याला किकबॅक म्हणतात. दहा इंची पाते मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल, तर कडेचा वेग ताशी सुमारे 190 किलोमीटर होतो. लाकूड तर लागतेच, पण त्यावर टेकलेला हातही पात्याकडे ओढला जातो. उपाय म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी केलेली पातळ पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती फट मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दात्यांवर जाऊ देत नाही. ब्रिटनमध्ये 1922 च्या कारखाना नियमांनी ती सक्तीची केली. युरोपात ती रुळली, आणि तिथल्या मोठ्या कार्यशाळांनी विल्हेल्म आल्टेनडॉर्फ याच्या 1906 च्या सरकत्या टेबलाची वाट धरली, ज्यात लाकडासोबत टेबलच पुढे जाते आणि हात पात्यापासून दूर राहतो. अमेरिकेत मात्र पात्यामागे स्थिर दुभाजक असे. पाते खालीवर केले की तो आड येई, म्हणून तो काढून ठेवण्याचीच सवय होती. पात्याबरोबर खालीवर होणारा रायव्हिंग नाइफ तिथल्या नव्या आराखड्यांत 2008 पासून आला. इतका साधा, इतका स्वस्त उपाय ऐंशीहून अधिक वर्षे उशिरा पोचावा, यात असंख्य बोटे गेली.

बोट पात्याला लागलेच, तर काय, याचे उत्तर ओरेगॉनमधल्या स्टीव्ह गॅस याने दिले. तो भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला पेटंट वकील. त्याच्या ‘सॉस्टॉप’ यंत्रात पात्यातून सौम्य विद्युत संकेत वाहतो. माणसाचे ओलसर शरीर लागताच तो संकेत बदलतो, रोधून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो. पाच हजारांश सेकंदांच्या आत पाते थांबते आणि टेबलाखाली जाते. बोटाला ओरखडा येतो, पाते आणि ठोकळा मात्र बदलावे लागतात. मोठ्या कंपन्यांनी परवाना घेतला नाही, तेव्हा 2004 पासून त्याच्या कंपनीने स्वतःच यंत्रे विकायला काढली. त्याआधी 2003 मध्ये तिने अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगाकडे अशा सोयीच्या सक्तीचा अर्जही केला होता. तिथे दरवर्षी टेबल सॉमुळे सुमारे 30,000 माणसांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागते, असा आयोगाचा अंदाज होता. सक्ती म्हणजे एकाच कंपनीची मक्तेदारी, हा इतरांचा आक्षेप राहिला. सक्तीचा नियम झाल्यास एक महत्त्वाचे पेटंट खुले करण्याची तयारी कंपनीने 2024 मध्ये दाखवली.

महाराष्ट्रात मोड्युलर फर्निचरच्या कारखान्यांत सरकत्या टेबलाचे पॅनल सॉ आहेत, आणि हौशी सुतारांसाठी दहा इंची हलकी यंत्रे रायव्हिंग नाइफ लावूनच बाजारात येतात. ती घेताना कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा पट्टी आवळल्यावर हलते का, पाते टेबलावरच्या खाचेला समांतर आहे का आणि भुसा ओढणारी नळी बसवता येते का, हे पाहणे अधिक मोलाचे. लाकडाच्या धुळीची नोंद आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच कर्करोगकारकांत केली आहे.

शहरांत फ्लॅटचे फर्निचर करणाऱ्या सुतारांची टेबल सॉ मात्र निराळी असते. प्लायच्या तुकड्याला फट पाडून त्याखाली चार इंची मार्बल कटर उलटा आवळतात, त्याला लाकडाचे टीसीटी ब्लेड लावतात आणि सनमायकाची सरळ पट्टी दोन क्लॅम्पांनी धरून तिला गाइड म्हणतात. यंत्र खांद्यावर मावते, तासाभरात उभे राहते, आणि कुशल हातांनी त्यावर उत्तम काम निघते. पण कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो, दगडासाठी बनलेले त्याचे झाकण काढून ठेवलेले असते आणि पात्यामागे रायव्हिंग नाइफ बसवायला त्याच्या अंगावर जागाच नसते. कारखान्यांच्या नियमांत गोल करवतीला रायव्हिंग नाइफ आणि लाकूड ढकलायची काठी लिहिलेली आहे. या टेबलांवर ती काठी प्लायच्या उरलेल्या पट्टीतून पाच मिनिटांत करता येते.