रानडे ढोंगी नव्हते

पुस्तकांच्या दुकानात आत्मविकासाच्या कप्प्यापुढे उभं राहिलं की निरनिराळ्या मुखपृष्ठांखाली एकच सिद्धान्त सापडतो. विचार बदला, वागणं आपोआप बदलेल आणि मग तुमचं खरं रूप प्रकट होईल. हाच सिद्धान्त उलटा फिरवून आपण इतिहासातल्या माणसांना झोडपतो. ज्याचं वागणं विचाराबरहुकूम नाही, त्याचा विचारच बेगडी. महादेव गोविंद रानडे दीडशे वर्षं याच आरोपाखाली उभे आहेत.

आरोप साधा आहे आणि त्यातल्या घटना खऱ्या आहेत. रानडे विधवाविवाहाच्या चळवळीत होते, त्यापायी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. १८७३ साली पहिली पत्नी वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. मुलगा विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने मुलगी पाहिली आणि रानड्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पूर्वपक्षाचं म्हणणं असं की, विचार खरोखर बदललेला असता तर हे घडलंच नसतं.

या युक्तिवादात एक गृहीत दडलेलं आहे. माणसाच्या आत एकसंध ‘मी’ असतो आणि वागणं म्हणजे त्याचं तापमान दाखवणारा पारा, असं ते गृहीत. पण त्याच घरात पुढे काय झालं? लग्नानंतर लगोलग रानड्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांनी टोमणे मारले, रमाबाईंचा छळ केला, तरी शिकवणी चालू राहिली. म्हणजे जो विचार वडिलांपुढे गळून पडला, तोच सासू-नणंदांच्या कडव्या विरोधापुढे वर्षानुवर्षं टिकला. बेगडी विचार असा टिकत नाही. वडिलांनी संबंध तोडायची भाषा केली तिथे रानडे वाकले, इतरत्र वाकले नाहीत. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहाचं प्रायश्चित्त त्यांनी दोन वर्षांनी घेतलं, तेही मित्रांची कुचंबणा टळावी म्हणून. रमाबाईंना ते खुपलं. ही दुबळी बाजू आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. पण दुबळेपणा आणि ढोंग यांत फरक करता येत नसेल तर माणसांबद्दल बोलूच नये.

आता रमाबाईंकडे पाहा. अकराव्या वर्षी त्यांच्यापाशी स्त्रीशिक्षणाचा कसलाही ‘विचार’ नव्हता. होता तो रोजचा धडा. पाटी, वाचन, बोलणी खाणं, पुन्हा वाचन. त्या सवयीतून जी बाई तयार झाली तिने पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी बाजू मांडली. इथे वागणं आधी आणि विचार मागाहून आला. पूर्वपक्षाच्या हिशेबात तर हे बसायलाच नको.

अशा प्रसंगांना अपवाद म्हणून बाजूला सारण्याची सोय मानसशास्त्रानेही ठेवलेली नाही. रिचर्ड लापिएर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडले. चिन्यांविरुद्धचा पूर्वग्रह तेव्हा उघड होता. अडीचशेहून अधिक हॉटेलं आणि खानावळींत ते गेले. एका ठिकाणीच नकार मिळाला. नंतर त्या सगळ्या ठिकाणी पत्राने विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटलं. १९३४ सालच्या या निबंधात त्रुटी काढता येतात, पत्राला उत्तर लिहिणारा माणूस आणि गल्ल्यावरचा माणूस वेगळा असू शकतो. पण ही त्रुटीसुद्धा माझ्याच बाजूची आहे. समोर उभं कोण आहे यावर वागणं ठरतं.

पूर्वपक्षाचा खरा भरवसा धोंडो केशव कर्व्यांवर असणार. त्यांचं बरोबर आहे: कर्व्यांनी आधी ठरवलं आणि मग केलं. १८९१ मध्ये पत्नी वारल्यावर पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहिणीशी, गोदूबाईंशी, लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी सभा भरवून ठराव केला की कर्वे असतील त्या बैठकीत कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार.

मग पुढचं पाहा. त्याच वर्षी काढलेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळीचं नाव १८९५ मध्ये बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी झालं. ‘उत्तेजक’ची ‘प्रतिबंधनिवारक’ झाली, म्हणजे विवाहाचा प्रचार मागे पडून आड येणारे अडथळे दूर करणं तेवढं उरलं. विधवांसाठी १८९६ मध्ये निघालेल्या आश्रमात तर कर्व्यांनी पुनर्विवाहाचा पुरस्कार करायचाच नाही असं धोरण धरलं, भर शिक्षणावर दिला. विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसलेल्या माणसाने हे करावं! त्याचं मत लग्नाआधी पक्कं होतं. ते बदललं लग्नानंतर, माणसांकडे वर्गणी मागताना, मुलींना आश्रमात पाठवायला बाप का कचरतात हे दारोदार ऐकताना. विचाराने पहिलं पाऊल टाकायला लावलं, हे मी मान्य करतो. दुसऱ्या पावलाची दिशा मात्र पहिल्या पावलाने शिकवली. मग खरे कर्वे कोणते, १८९३ चे की १८९६ चे? ज्याला आतला एकच अस्सल ‘मी’ हवा आहे, त्याने दोहोंपैकी एकाला खोटं ठरवावं. मला ते जमत नाही.

आणि पार्वतीबाई आठवले यांचं काय करायचं? गोदूबाईंची ही विधवा बहीण पुनर्विवाह करायला तयार नव्हती. केशवपन केलेलं, अंगावर विधवेचा वेष, अशा अवस्थेत त्या आश्रमासाठी गावोगाव हिंडल्या आणि निधी जमवला. सनातनी घरांतही त्यांना दार उघडलं जाई, त्याचं एक कारण तो वेष. अनेक वर्षांनी, संस्थेचं काम करता करता, त्यांनी केस वाढवले. पुढे इंग्रजी शिकायला अमेरिकेत गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. विचार बदलला म्हणून केस वाढवले असं म्हणणाऱ्याने सांगावं, तो बदलला कोणत्या दिवशी. बैठकी, वर्गणीच्या याद्या, अनोळखी घरांतली जेवणं, इतरांच्या लेकींशी बोलणं यांतून बाई घडत गेली. केस त्यानंतर वाढले. लग्नाविषयीचं आपलं मत मात्र त्यांनी तेवढ्यावरून सोडलं नाही, आणि ते सोडायला हवं होतं असं मला वाटत नाही.