पिंपरीच्या मातीचें देणें

मृगाची पहिली सर तापलेल्या भुईवर पडली कीं जो सुगंध दरवळतो, त्याचें मूळ फार थोड्यांना ठाऊक असतें. मातींत राहणारे कांहीं सूक्ष्म जीव जिओस्मिन नांवाचें एक द्रव्य तयार करीत असतात. पावसाच्या थेंबांबरोबर तें हवेंत उडतें. या जीवांच्या एका मोठ्या कुळाला शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसीस म्हणतात. पवना व इंद्रायणी यांच्या कांठच्या प्रदेशाचा अलीकडचा इतिहास या कुळाच्या आधारानें सांगावा, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मातींतील असे असंख्य जीव पालापाचोळा, जुनीं मुळें व शेणखत कुजवितात. त्यांतून पिकांस अन्न मिळतें, आणि जो काळसर अंश उरतो तो मातीचे कण एकमेकांस धरून ठेवतो. अशी माती पाऊस पिते व पुढें कित्येक दिवस मुळांस ओल पुरविते. उरलेलें पाणी खालीं झिरपून विहिरींस आणि पावसाळा सरल्यावर नदीसही मिळतें. जीवांना ओल हवी, आणि ओल टिकविण्यास तेच जीव हवेत. आपल्या शेतकऱ्यानें हें शास्त्र ग्रंथांत वाचलें नव्हतें. परंतु खाचराचा बांध, शेणखत आणि हरभऱ्याचा बेवड यांच्या रूपानें तो तें आचरीत होता. हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र पिकाच्या उपयोगीं आणतात, हें विज्ञानानें मागाहून सांगितलें.

इ.स. १९४३ मध्यें अमेरिकेंत, मृत्तिकाशास्त्रज्ञ वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत, अल्बर्ट शाट्झ यांनीं स्ट्रेप्टोमायसीस कुळांतील एका जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविलें, आणि क्षयरोगावर प्रभावी औषध जगाच्या हातीं आलें. इ.स. १९५४ मध्यें आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथें डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं पिंपरीच्याच मातींतून एक नवा जीव वेगळा केला. गांवावरून त्याचें नांव ठेवलें स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. त्यापासून हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध निघालें. पुढें तेथेंच ऑरिओफंगिन हें दुसरें द्रव्य हातीं आलें. तेंही मातींतील जीवाचेंच देणें, आणि भातावरील करप्यासारख्या रोगांवर तें वापरलें गेलें. जी माती पीक पोसते, तिच्याच पोटांत पिकाचें औषधही होतें!

इ.स. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पाहतां पाहतां पिंपरी-चिंचवडचीं शेतें कारखान्यांखालीं गेलीं. चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठीं नांवाजलेला. त्याच्या भोंवतींही आतां मोटारींचे कारखाने उभे आहेत. या उद्योगांनीं हजारों घरांतील चूल पेटविली, हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु सिमेंटनें झांकलेली भुई पाऊस पीत नाहीं. तें पाणी नाल्यांतून धांवत सुटतें, आणि खालची माती ओल व हवा यांवांचून निर्जीव होत जाते.

पाण्याचा प्रश्न तर रक्तापर्यंत गेला. पवना धरणाचें पाणी बंद जलवाहिनीनें शहरास नेण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी मृत्यु पावले. शहरास पाणी हवें, हें खरें. तथापि पात्रांतून वाहणारें पाणी कांठची माती व विहिरी भिजवीत जातें. नळांतून जाणारें पाणी तसें करीत नाहीं. शेतकऱ्याची चिंता येथें होती.

वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत आंबेमोहराच्या संकरांतून निर्माण झालेल्या भातास इंद्रायणीचें नांव आहे, आणि मातींतील एका जीवास पिंपरीचें. हीं दोन्ही नांवें केवळ पुस्तकांत उरावींत काय? उरलेले बांध राखावे, पालापाचोळा न जाळतां मातीस परत द्यावा, मैलापाणी शुद्ध केल्यावांचून नदींत सोडूं नये, आणि प्रत्येक कारखान्यानें आपल्या आवारांत थोडी तरी भुई उघडी ठेवावी. ज्या मातीनें इतकें दिलें, तिला श्वास घेण्यापुरती जागा देणें आपणांस अवघड नाहीं.