लीना राडकेची आठशे मीटर

ऑलिंपिकमध्ये एखादीनं जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवावं आणि त्यानंतर तिची शर्यतच बंद करून टाकावी, असं कुठं होतं का? झालं आहे खरं. लीना राडके या जर्मन धावपटूची ही हकीकत. आपल्याकडं तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून आज तिच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

लीनाचा जन्म १९०३ चा, कार्ल्सरूहचा. लग्नाआधीचं आडनाव बाटशाउअर. नवरा गेओर्ग राडके हाच तिचा प्रशिक्षक. लग्नानंतर ती ब्रेस्लाऊला गेली. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. त्या काळी बायकांनी लांब पल्ल्याचं धावणं युरोपातही अनेकांना पसंत नव्हतं. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे कुबेर्तँ यांचा तर बायकांच्या सहभागालाच विरोध होता. फ्रान्सच्या अ‍ॅलिस मिलिया यांनी १९२२ साली पॅरिसला बायकांचे वेगळे जागतिक सामने भरवले, तेव्हा कुठं दार किलकिलं झालं. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना मैदानी खेळांत पहिल्यांदा प्रवेश मिळाला, तोही फक्त पाच प्रकारांत. त्यांतला एक म्हणजे आठशे मीटर.

लीना पूर्ण तयारीनिशी आली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये तिनं २ मिनिटं १९.६ सेकंदांचा विक्रम केला होता. २ ऑगस्टला अंतिम शर्यत झाली. लीनानं २:१६.८ वेळ देऊन ती जिंकली. जपानची हितोमी किनुए दुसरी आणि स्वीडनची इंगा गेंट्सेल तिसरी आली. या तिघींनीही लीनाचा जुना विक्रम मोडला होता. मैदानी खेळांतलं जर्मनीचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक.

आता दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं पाहा. काहीजणी शर्यत संपल्यावर दमून खाली पडल्या होत्या, एवढं खरं. पण बातम्या आल्या त्या बायका कोसळल्याच्या, ते दृश्य पाहवत नसल्याच्या. एका अमेरिकन क्रीडालेखकानं तर अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी शर्यत अर्धवट सोडली, असं लिहिलं. प्रत्यक्षात धावल्या होत्या नऊ जणी आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती! साधी मोजणीसुद्धा चुकावी?

त्याआधी १९०८ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन धावपटू शेवटी शेवटी अनेकदा पडला. त्याला धरून रेषेपार न्यावं लागलं. त्याचं जगभर कौतुक झालं. पुरुषांना मॅरेथॉन झेपत नाही, ती बंद करा, असं कुणी म्हणालं नाही. बायका दमल्या मात्र, आणि आठशे मीटर ऑलिंपिकमधून गेली. पुढं १९६० पर्यंत दोनशे मीटरहून लांब अशी बायकांची एकही शर्यत तिथं झाली नाही.

अ‍ॅमस्टरडॅमला लीना चोवीस वर्षांची होती. १९३० साली तिनं हजार मीटरचाही जागतिक विक्रम केला, म्हणजे पायांत जोर होताच. पण १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तिच्यासाठी शर्यतच नव्हती. आपलं पदक राखायची संधी तिला मिळालीच नाही. अधिकृत नोंदीत तिचा आठशे मीटरचा विक्रम १९४४ पर्यंत टिकला. हितोमीचं दुर्दैव त्याहून मोठं. त्या शर्यतीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, २ ऑगस्ट १९३१ ला, न्यूमोनियानं ती गेली. वय अवघं चोवीस.

मी १९६० च्या दशकात शाळेत होते. आमच्या क्रीडामहोत्सवात मुलींना लिंबू-चमचा, सुई-दोरा आणि फार तर शंभर मीटर. चारशे, आठशे मुलांसाठी. का, असं विचारलं की "मुलींना झेपत नाही" हे ठरलेलं उत्तर. अ‍ॅमस्टरडॅमचं नावही कुणाच्या गावी नव्हतं, पण समजूत तीच.

१९६० साली रोममध्ये ही शर्यत परत आली. सोव्हिएत संघाची ल्युडमिला शेव्त्सोवा २:०४.३ मध्ये जिंकली. लीना तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. १९८४ साली लॉस एंजेलिसला आपली शायनी अब्राहम याच शर्यतीच्या उपांत्य फेरीत पोचली. १९९५ साली चेन्नईत तिनं १:५९.८५ वेळ दिली. दोन मिनिटांच्या आत धावणारी ती पहिली भारतीय महिला. लीना मात्र १९८३ च्या फेब्रुवारीतच वारली होती.

असो. विक्रम मोडले जातात, त्याचं वाईट वाटत नाही. ते मोडण्यासाठीच असतात. पण खोट्या बातमीनं बत्तीस वर्षं खाल्ली, ती कोण भरून देणार? तेव्हा मंडळी, "त्या सगळ्या कोसळल्या होत्या" असं कुठं वाचलंत, तर एवढंच सांगा: नऊ जणी निघाल्या होत्या आणि नऊ जणी पोचल्या.