‘इनडिस्क्रिमिनेट’ : एका विशेषणाची कुळकथा

‘इनडिस्क्रिमिनेट’ हे इंग्रजी विशेषण आपल्याकडे मुख्यतः वर्तमानपत्रांच्या द्वारे, बेछूट गोळीबार आणि सरसकट धरपकड यांच्या संगतीने आले असल्यामुळे, त्याचे मूळ घराणे एखाद्या रणांगणावरचे असावे असा ग्रह होणे साहजिक आहे. वस्तुतः त्याच्या पूर्वजांचा धंदा चाळण्यापाखडण्याचा. लॅटिन भाषेत ‘केर्नेरे’ म्हणजे चाळणे, आणि त्यावरूनच पुढे वेगळे करणे, निरखणे, निर्णय घेणे; चाळणीला ‘क्रीब्रुम’ म्हणत तोही याच धातूचा वंशज. ग्रीकांकडील भाऊबंदांनी निवाड्याचे काम पत्करले आणि त्यांच्यापासून ‘क्रिटिक’ व ‘क्रायसिस’ हे शब्द निघाले. इकडे लॅटिन शाखेत, चाळून बाजूला ठेवले ते ‘सीक्रेट’ आणि ते जपणारा तो ‘सेक्रेटरी’ झाला. आपला चिटणीस नावाप्रमाणे केवळ चिठ्ठी लिहिणारा, इंग्रजांचा मात्र मुळात गुपित राखणारा, हा फरक दोन्ही दरबारांच्या जाणकारांना मौजेचा वाटावा.

‘केर्नेरे’ला दुरावा दाखविणारा ‘दिस्’ हा उपसर्ग लागून जे नाम सिद्ध झाले ते ‘दिस्क्रिमेन’, म्हणजे दोन वस्तूंमधील अंतर, त्यांना विभागणारी रेषा. ओव्हिडसारख्या रसिक कवीने हा शब्द स्त्रियांच्या केसांतील भांगासाठी वापरला आहे, आणि त्याच शब्दाने रोमन लोक निर्णायक, जोखमीचा क्षणही दर्शवीत, कारण अशा क्षणी पारडे इकडचे तिकडे होते. या रेषेचा अभाव दाखविणारे विशेषण इंग्रजीत साधारणतः सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकालात रूढ होऊ लागले, आणि आरंभापासून त्याचा रोख दोषाकडे होता : जिथे निवड व्हावयास हवी होती तिथे ती झाली नाही, असा.

यानंतर या कुळात एक विलक्षण फूट पडली. ‘डिस्क्रिमिनेट’ करणे, म्हणजे बारीक भेद ओळखता येणे, हा दीर्घकाळ सद्गुण होता, आणि आजही चहाच्या वा चित्रांच्या पारख्याला ‘डिस्क्रिमिनेटिंग’ म्हटले तर तो सुखावतो. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा वाद पेटला, तेव्हा याच क्रियापदाला ‘विरुद्ध’ अर्थाचे शब्दयोगी अव्यय चिकटले आणि ते वर्णावरून माणसांना खाली ढकलण्याच्या अन्यायाचे नाव बनले. परिणामी, भेद केला तरी दोष आणि न केला तरी दोष, अशी अवस्था एकाच घराण्यातील दोन शब्दांच्या वाट्याला आली. मराठीने ही जोखीम पूर्वीच वाटून घेतली आहे : पारखण्यास ‘विवेक’ आणि पक्षपातास ‘भेदभाव’. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने जे निषिद्ध केले ते दुसरे. पहिल्याला त्याने हात लावलेला नाही.

विशेषणाला मात्र कायद्यात स्वतंत्र व्याख्या लाभली ती १९७७ साली, जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात. त्याच्या ५१ व्या कलमानुसार, जो हल्ला विशिष्ट लष्करी लक्ष्यावर रोखलेला नाही, किंवा ज्याचे शस्त्र तसे रोखताच येत नाही, किंवा ज्याच्या परिणामांना आवर घालता येत नाही, आणि म्हणून जो सैनिक व नागरिक यांना एकाच मापाने तडाखा देतो, तो ‘इनडिस्क्रिमिनेट’ होय.

समानार्थी म्हणून कोशांत शेजारी बसविलेल्या शब्दांची कुळे निराळी आहेत. ‘प्रॉमिस्क्युअस’ मिसळण्याच्या धातूतून आला. १८३७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या ग्रिम्के भगिनींवर ‘प्रॉमिस्क्युअस’ सभांपुढे बोलण्याचा ठपका आला तेव्हा त्याचा अर्थ स्त्रीपुरुषांची एकत्र सभा एवढाच होता, आजचा बदफैलीपणाचा अर्थ नव्हे. ‘होलसेल’ बाजारातून आला. घाऊक कत्तल हा आपलाही प्रयोग. ‘रँडम’ जुन्या फ्रेंचमधील भरधाव धावण्यातून निघाला. पण १९२० नंतरच्या दशकात रॉथॅमस्टेडच्या शेती-प्रयोगशाळेत रोनाल्ड फिशर यांनी कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठ्या टाकण्यासारख्या रीतीने ठरविण्याचा दंडक घालून त्याला शास्त्राची दीक्षा दिली. तेव्हापासून ‘रँडम’ म्हणजे निवड मुद्दाम दैवावर सोपविणे. ‘इनडिस्क्रिमिनेट’ म्हणजे निवडीची फिकीरच न करणे.

भाषांतरकारांना एवढीच विनंती की या विशेषणासाठी ‘भेदभावरहित’ हा कोशातून सहज हाती येणारा शब्द वापरू नये, कारण त्याने निंदेची स्तुती होते. गोळीबार असेल तर ‘बेछूट’, औषधांचा वापर असेल तर ‘अविचारी’, आणि सरकारी हुकूम असेल तर ‘सब घोडे बारा टक्के’ म्हणावे.