हायपर आणि हायपो

वैद्यकीय इंग्रजीतील परस्परविरुद्ध अर्थांचे दोन उपसर्ग. दोन्ही मूळचे ग्रीक. हायपर म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त, हायपो म्हणजे कमी. हायपर हा संस्कृत ‘उपरि’चा सगोत्र, तर हायपो ‘उप’चा. ‘उपरि’वरूनच मराठीत ‘वर’ आला. म्हणून ज्याच्या शेवटी ‘र’ तो ‘वर’, ही खूण मराठी माणसाला सहज लक्षात राहते.

घरोघरी ‘बीपी हाय’, ‘शुगर हाय’ बोलले जाते. त्यामुळे हायपो म्हटले तरी पहिल्यांदा कानावर पडते ते ‘हाय’च. छत्रपती संभाजीनगरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अख्ख्या मराठवाड्यात ‘घाटी’ म्हणूनच ओळखले जाते. खेड्यापाड्यांतून तिथे येणाऱ्या नातेवाइकांसाठी हायपर आणि हायपोमधला फरक जिवाशी गाठ घालणारा आहे.

सर्वांत मोठा धोका साखरेच्या बाबतीत. हायपोग्लायसेमियात रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) खाली जाते. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. हायपरग्लायसेमियात साखर वाढते, तहान भागत नाही, लघवीला वारंवार जावे लागते. तिथे इन्सुलिन लागू शकते. तेच इन्सुलिन हायपोच्या रुग्णाला टोचले तर प्राणावर बेतते.

थायरॉइडच्या रिपोर्टात आणखी एक चकवा असतो. ग्रंथी मंदावली, म्हणजे हायपोथायरॉइड झाला, की तिला जागे करण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडते. कागदावर टीएसएचचा आकडा वाढलेला आणि आजार मात्र ‘कमी’चा! रुग्ण गोंधळला तर त्याला दोष देता येत नाही.

हायपरथर्मिया, म्हणजे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढणे, मराठवाड्याला उष्माघाताच्या रूपाने परिचित आहे. हायपोथर्मिया त्या मानाने विरळा.

तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २०१६ च्या नियमानुसार औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात. आजाराच्या नावाला तेवढा उपाय पुरत नाही, कारण रोमन लिपीत या दोन्ही शब्दांची पहिली तीन अक्षरे एकच आहेत. डिस्चार्ज कार्डावर मराठीत ‘साखर कमी’ किंवा ‘साखर जास्त’ आणि शेजारी आकडा लिहावा; घरी गेल्यावर कार्ड वाचणाऱ्याला तेच कळते.