मैहरचा वाद्यवृंद

आपले रागसंगीत हे प्राधान्याने एकट्या कलावंताचे संगीत होय. राग एकाने उलगडावयाचा व इतरांनी साथ करावयाची, ही आपली रूढ रीत. म्हणूनच वाद्यवृंदाचा इतिहास सांगताना आपली दृष्टी सहजच मुंबईकडे वळते. तेथे १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. परंतु त्याचे संगीत युरोपीय होते. त्यापूर्वीच बघेलखंडातील मैहर या लहानशा संस्थानात, सर्वस्वी भारतीय रागांवर उभा असलेला एक वृंद जन्मास आला होता. आमच्या बऱ्हाणपुरावरून जाणारा लोहमार्ग इटारसी, जबलपूर, कटनी ओलांडून याच गावी पोहोचतो. शारदादेवीच्या यात्रेमुळे ते नाव सर्वांना परिचित आहे. वृंदाची ख्याती मात्र त्या मानाने फारच थोड्यांच्या कानी आली आहे.

वृंदाचे संस्थापक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ मूळचे पूर्व बंगालचे. कलकत्त्यास हाबू दत्त यांच्या वृंदाचा सहवास त्यांना लाभला आणि लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडून त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिनवादन आत्मसात केले. पुढे रामपुरास बीनकार वझीर खाँ यांच्याकडे त्यांनी सेनिया परंपरेची खडतर तालीम घेतली. अशा रीतीने सांघिक वादनाची शिस्त व रागाची निष्ठा या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊनच ते महाराज ब्रिजनाथसिंह यांच्या आश्रयास मैहरला आले.

१९१८ साली महाराष्ट्राने जिला ‘मानमोडी’ म्हटले, त्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मैहरमध्येही अनेक मुले पोरकी झाली. त्यांतील काहींना उस्तादांनी जवळ केले आणि त्यांच्या हाती वाद्ये दिली. संस्थानी दरबारांत कलावंतांना आश्रय मिळत असे, हे खरे. येथे मात्र निराश्रितांना कलेचा आश्रय मिळाला. या वृंदाचे खरे वेगळेपण येथेच आहे.

मुले निरक्षर असल्याने स्वरलिपीचा उपयोग नव्हता. प्रत्येक रचना ऐकून, घोकून कंठस्थ करावयाची होती. सतार, सरोद, इसराज व तबला यांच्या जोडीला व्हायोलिन आणि चेलो बसविण्यात आले. बंदुकीच्या नळ्या कापून उस्तादांनी ‘नलतरंग’ हे नवे वाद्य सिद्ध केले. त्यावर काठ्यांनी आघात करून स्वर काढतात. संहाराचे साधन पोरक्या मुलांच्या हाती स्वराचे साधन झाले, यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. वाद्ये परदेशी असली, तरी युरोपीय स्वरसंवादाचा डोलारा येथे उभारलेला नाही. राग व ताल यांच्या चौकटीत सर्वांनी मिळून एक गत वाजवावयाची, आणि वाद्यांच्या भिन्न नादगुणांनी तिला रंग भरावयाचा, अशी ही योजना आहे.

याच मैहरमध्ये रविशंकर, अली अकबर खाँ व अन्नपूर्णादेवी घडल्या; आपले व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांनीही उस्तादांचे मार्गदर्शन घेतले. रविशंकरांनी पुढे आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, १९७२ साली उस्ताद निवर्तले; तरी वृंद टिकून राहिला. तथापि सेवेत वादकांची संख्या कायम राखली म्हणजे परंपरा राखली, असे होत नाही. जी रचना कानातून कानाकडे आली, तिची स्वरलिपी मागाहून केली तरी वजन, ठेहराव आणि परस्परांचा श्वास ओळखून वाजविण्याची सवय कागदावर उतरत नाही. त्याकरिता जाणत्या वादकाजवळ वर्षानुवर्षे बसणारी नवी मुलेच हवीत. मैहरचा वृंद मुलांपासून सुरू झाला; त्याचे भवितव्यही मुलांवरच अवलंबून आहे.